खालची बाजू

स्केटबोर्डचं चित्र खालच्या बाजूला असतं. वर नुसता काळा खरखरीत कागद, पॉलिशपेपरचाच भाऊबंद. बुटांचे तळवे धरून ठेवायला लावलेला. पोर एकदा फळीवर चढलं की ड्रॅगन, कवटी, युनिकॉर्न, जे काही रंगवलेलं असेल ते त्याच्या दृष्टीआड. दुकानात मात्र या फळ्या पोट पुढे काढून भिंतीला टांगलेल्या असतात. त्यामुळे निवड चित्रावरून होते, आणि निवडणारा बहुधा कुणाचा तरी मामा असतो.

मीही मामाच. भाची सात वर्षांची, आणि मागणी एकच: जांभळा. ताईचं म्हणणं, सायकल घे, निदान धरायला हँडल तरी असतं. ताईच्या सासूबाईंचं म्हणणं, हा मुलींचा खेळ आहे का? त्यांना मी टोकियोची हकिकत सांगितली. 2021 साली तिथे झालेल्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, आणि मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण आणि रौप्य, दोन्ही पदकं तेरा-तेरा वर्षांच्या मुलींनी नेली. जपानची मोमिजी निशिया आणि ब्राझीलची रायसा लेआल. यातली रायसा सात वर्षांची असताना परीचा निळा फ्रॉक घालून, पाठीला पंख लावून पायऱ्यांवरून बोर्ड उडवत होती. तो व्हिडिओ जगभर फिरला. ‘आणि आपल्याकडे?’ सासूबाई. आपल्याकडे पुण्याची श्रद्धा गायकवाड. 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक. पुण्याची म्हटल्यावर सासूबाई गप्प बसल्या. माहेर सदाशिव पेठेतलं.

खेळण्यांच्या दुकानात जांभळा बोर्ड होताच. मी तो जमिनीवर ठेवला, वर एक पाय दिला आणि टाचेवर जोर टाकला. काही झालं नाही. हीच त्याची अडचण. या वाहनाला हँडल नाही, तेव्हा वळायचं ते अंग झुकवून. फळीखाली दोन आस असतात, त्यांना खेळणारी मंडळी ट्रक म्हणतात. प्रत्येक ट्रकमध्ये रबरासारख्या दोन गुटगुटीत चकत्या असतात. भार डावीकडे गेला की त्या डावीकडून दबतात, आस तिरका होतो, बोर्ड वळतो. जांभळ्या बोर्डाचे ट्रक प्लॅस्टिकचे होते आणि चकत्या नुसत्या नावाला. हजारभर रुपयांच्या या फळीवर पोर सरळ जाणार, भिंतीपर्यंत.

चाकांवर नख टोचून पाहिलं. तेही कडक प्लॅस्टिक, नख घसरलं. हा दोष या खेळाएवढाच जुना आहे. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी समुद्र शांत असेल त्या दिवशी लाटांऐवजी रस्त्यावर तरंगायचं ठरवलं आणि फळीला रोलर स्केटची चाकं ठोकली. पुढे मातीच्या मिश्रणातून घडवलेली चाकं आली. तीही कडक. वाटेत हरभऱ्याएवढा खडा आला की चाक जागच्या जागी थांबे, आणि बोर्ड थांबला तरी वरचा मुलगा थांबत नसे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने पॉलियुरेथेनची चाकं बाजारात आणली. खड्यावर आलं की हे चाक जरा दबतं, खडा पोटात घेतं आणि पुढे जातं. एवढ्या एका गोष्टीने मरगळलेला खेळ उभा राहिला. आणि आपण 2020 नंतरच्या भाचीला पुन्हा मातीच्या चाकांच्या जमान्यात पाठवायला निघालेलो असतो, वर चकचकीत कागदात गुंडाळून.

आमच्या पिढीला चाकांचा हा इतिहास वाचावा लागला नाही, आम्ही त्यावर बसलेलो होतो. बेअरिंगची गाडी! गॅरेजवाल्याच्या मागे लागून निकामी बेअरिंगं मिळवायची, मागे दोन, पुढे एक. मधे पॅकिंगच्या खोक्याची फळी, पुढच्या आडव्या लाकडाला नटबोल्ट आणि सुतळी. चाक नावाची वस्तूच नव्हती; उघडं पोलाद थेट डांबरावर. आवाज असा की दुपारी झोपलेली सगळी गल्ली खिडकीत येई. ब्रेक म्हणजे स्लिपर. एकाने बसायचं, दुसऱ्याने ढकलायचं, आणि ढकलणाऱ्याची पाळी यायच्या आत कुणाच्या तरी आजोबांनी गाडी जप्त केलेली असायची.

तर चाकं निवडताना पहिला प्रश्न जमिनीचा. भाचीच्या ठाण्यातल्या सोसायटीत फाटकापासून बागेपर्यंत पेव्हर ब्लॉक, प्रत्येक सांध्यात वाळू. पार्किंगमध्ये खाचांच्या टाइल. फक्त क्लब हाउसच्या मागे ट्रिमिक्स काँक्रीटचा गुळगुळीत पट्टा, तोही पाण्याचा टँकर उभा नसेल तेव्हा. चाकांचा कडकपणा आकड्यात सांगतात: 78ए म्हणजे मऊ, 99ए म्हणजे जवळपास दगड. कडक चाक नेरूळच्या किंवा कार्टर रोडच्या स्केटपार्कमध्ये घोटलेल्या काँक्रीटवर शोभतं. पेव्हर ब्लॉकवर ते पोराचे दात वाजवील. मी मऊ चाकं मागितली. आणि गंमत म्हणजे पॉलियुरेथेन हव्या त्या रंगात ओततात, जांभळं मिळालं.

फळी घ्यायला मात्र भाचीला बरोबर नेलं. सरप्राइजची हौस मामांनी इथे आवरावी. चांगली फळी मेपल लाकडाच्या सात पातळ थरांची असते, कडेने पाहिलं की थर मोजता येतात. दुकानदाराने आठ इंच रुंदीची पुढे केली, ‘वाढत्या अंगाचं घ्या की.’ युनिफॉर्मला हे चालतं, दोन वर्षं बाह्या दुमडता येतात. फळीच्या बाह्या कशा दुमडणार? वळायला तळव्याने एकदा या कडेवर, एकदा त्या कडेवर जोर द्यावा लागतो. सव्वासात इंच म्हणजे साडेअठरा सेंटिमीटरला थोडं कमी, भाचीच्या बुटाला जवळजवळ बेताचं. आठ इंचांवर तिचं पाऊल मधेच बेट होऊन बसलं होतं. बावीस इंच लांबीचे ते गोंडस प्लॅस्टिकचे क्रूझर मी लांबूनच पाहिले. पिशवीत मावतात हे खरं, पण शिकाऊ पायांना उभं राहायला जागा कुठे आहे? आणि दोनच चाकांचा तो कंबर हलवत चालवायचा प्रकार, तोही त्याच शेल्फवर, त्याच नावाने विकायला ठेवलेला. तो वेगळा खेळ आहे.

कुठला पाय पुढे, हे दुकानात कळत नाही. घरी मोजे घालून फरशीवर पळत येऊन घसरायला सांगितलं. उजवा पुढे आला. याला ‘गूफी’ म्हणतात हे ऐकल्यावर ती दिवसभर सगळ्यांना तशी ओळख करून देत होती.

हेल्मेटचा विषय ताईने लावून धरला आणि ते बरंच झालं. स्केटबोर्डवरून माणूस पुष्कळदा मागे पडतो, म्हणून डोक्याची मागची बाजूही नीट झाकणारं हवं. पप्पांच्या स्कूटरचं नको. त्याच्या वजनाने मानच कलते. मनगटाचे पट्टेही घेतले, कारण पडताना आधी हात टेकतात. हे सगळं मिळून खर्च फळीच्या जवळ जातो. माझं मत असं की पैसे कमी असतील तर हेल्मेट आधी घ्यावं आणि बोर्डासाठी दिवाळीपर्यंत थांबावं. हे मत भाचीला पसंत नाही.

दुसऱ्याच दिवशी इमारतीतल्या मुलांनी बोर्ड ताब्यात घेतला. दाखवतो, दाखवतो म्हणत. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी 2015 मध्ये स्केटपार्क उभारला. तिथे नियम दोनच: शाळा नाही तर स्केटिंग नाही, आणि आधी मुली. मुलीने बोर्ड मागितला की मुलाने उतरायचं. यातला दुसरा नियम ताईच्या सासूबाईंनी भाचीच्या सोसायटीत जारी केला. क्लब हाउसच्या मागे आता त्या खुर्ची टाकून बसतात.

पावसाळ्याने जे व्हायचं तेच केलं. एका सरीत फळी वाचली, बेअरिंगं गंजली. बदली म्हणून मी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगवाल्यांकडे गेलो. स्केटबोर्डचं बेअरिंग काही दैवी नसतं. नंबर 608, आतलं भोक आठ मिलिमीटर, बाहेरचा व्यास बावीस, जाडी सात. लहानसहान मोटरींतही हेच बसतं. खोक्यांवर अचूकपणाचे एबेक सात, एबेक नऊ असे आकडे छापून किंमत वाढवतात. तो अचूकपणा भन्नाट वेगाच्या यंत्रांसाठी असतो. बावन्न मिलिमीटरचं चाक ताशी दहा किलोमीटरने पळालं तरी मिनिटाला हजारेकच फेरे घेतं.

काउंटरवरच्या शेटनी विचारलं, ‘मशीन कौन सी है?’

सांगितलं. त्यांनी पत्र्याच्या झाकणाची बेअरिंगं परत डब्यात टाकली आणि रबरी सीलची काढली. ‘ये लो. धूल-पानी कम जाएगा.’ चार चाकं, दर चाकाला दोन, म्हणून मी आठ मागितली होती. त्यांनी दहा मोजली. ‘बच्चे का काम है,’ म्हणाले, आणि पैसेही दहाचेच घेतले.