जिऱ्याला पाय नसतात

हॉटेलातल्या ताटात किडा दिसला, की माणूस आधी त्याची बाजू घेतो. जिरं असेल. करपलेला कांदा असेल. कढीपत्त्याचा देठ, फुटलेली लवंग, फोडणीतली जळकी मोहरी, नाहीतर दगडफूल. दगडफुलाचा तर काही नेमच नसतो. चमचा हवेत तसाच थांबतो, डोळे बारीक होतात आणि मन भराभर वकिली करत सुटतं. भूक लागलेली असते, पोरं बरोबर असतात, दारात रांगेत उभं राहून कसंबसं हे टेबल मिळालेलं असतं. मग चमच्याच्या टोकानं ते जिरं हळूच उलटं करून बघायचं. जिऱ्याला पाय नसतात. इथे खटला निकालात निघतो.

त्यानंतर बघण्यासारखा किडा नसतो, माणसं असतात. एक जण खुर्ची मागे सारून उभा राहतो आणि भटारखान्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ‘मॅनेजर कोण आहे इथला?’ म्हणून विचारतो. त्याची बायको ‘बसा हो, लोक बघताहेत’ म्हणत ओढणी सावरते. दुसरा मोबाइल काढून डावीकडून, उजवीकडून, वरून असे फोटो घेतो. स्वतःच्या साखरपुड्यातही इतकी हौस केली नसेल. शेजारच्या टेबलांवरचे लोक आपापल्या वाट्या ढवळायला लागतात. आणि वेटर? त्याची एक गोष्ट गावोगाव ऐकायला मिळते. गिऱ्हाइकानं पुलावातलं झुरळ दाखवलं, तर वेटर म्हणाला, ‘साहेब, हा मसाला वेलदोडा’, आणि उचलून तोंडात टाकून त्यानं पुरावाच गिळून टाकला. गोष्ट खरी असो नसो, सांगणारा प्रत्येक जण ती आपल्याच गावातल्या हॉटेलवर बेततो.

माझ्या आत्याची रीत निराळी होती. घरचे सगळे बाहेर जेवायला गेलो होतो. व्हेज कोल्हापुरीत फ्लॉवरच्या तुऱ्याला बिलगून एक अळी, शिजून पांढरट पडलेली, अंगावरची वळी न् वळी मोजता यावी अशी. आत्यानं ती चमच्यानं कडेला सारली, वर काकडीची चकती ठेवली आणि पापड मोडून खात राहिली. मी पाहिलंय हे तिच्या लक्षात आलं, पण तिनं नुसती मान हलवली. बाहेर पडल्यावर पायरीवर चप्पल चढवता चढवता म्हणाली, “फ्लॉवर मिठाच्या पाण्यात घातला नव्हता मेल्यांनी. गरम पाण्यात मीठ-हळद टाकून ठेवला, की सगळ्या आपसूक वर येतात.”

“मग तेव्हाच बोलायचं ना, आत्या!”

“कुणाला बोलू? वाढणारा पोरगा भाजी चिरत नाही. आणि चिरतो कोण, ते तू पाहिलंयस?”

आयुष्यभर दुपारी मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई ती. तांदळातले टोके, रव्यातली जाळी, पिठातले पोरकिडे, वांग्यातली अळी. त्यांच्याशी तिचं वैर असं नव्हतंच, रोजचा व्यवहार होता. घरच्या वरणात काही निघालं तर दोष डाळीचा, वाण्याचा, फार तर पावसाळ्याचा. हॉटेलच्या वरणात तेच निघालं की दोष थेट मालकाच्या नीतीचा. घरचं स्वयंपाकघर आपल्याला आतून ठाऊक असतं. हॉटेलचं ठाऊक नसावं, यासाठीच आपण पैसे मोजतो. उंबर फोडून केंबरं काढू नयेत, या बोलीवर तो सगळा कारभार चाललेला असतो. झुलत्या दारापलीकडून आवाज तेवढे येतात, झाऱ्याचे, शिट्ट्यांचे, कुणीतरी कुणावर तरी खेकसल्याचे. त्या दाराच्या दोन्ही बाजू माहीत असलेला, दोन्हीकडे फुकट फिरणारा जीव एकच. तो ताटात आला, की पलीकडची सगळी खोली त्याच्यामागून आत येते.

आत्याचा प्रश्न हॉटेलच्या पायरीवरच विरला असता, पण तोच प्रश्न पूर्वी एकदा विलायतेच्या सर्वोच्च न्यायासनापुढे गेला होता. 26 ऑगस्ट 1928, रविवार. स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या एका कॅफेत मे डोनह्यू नावाची बाई मैत्रिणीबरोबर बसली होती. मैत्रिणीनं तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं काही दिसू नये अशी. थोडं पेय आइस्क्रीमवर ओतलं, तिनं ते खाल्लं. उरलेलं ओतताना बाटलीतून म्हणे कुजलेली गोगलगाय बाहेर आली. बाई आजारी पडली. पण दावा लावायचा कुणावर? पैसे मैत्रिणीनं दिलेले, म्हणजे कॅफेवाल्याशी हिचा करारच नाही. बाटली सीलबंद, म्हणजे त्याचा दोषही नाही. पेय तयार करणाऱ्या स्टीव्हन्सनला तर तिनं कधी पाहिलेलंही नव्हतं.

ही दुकानात काम करणारी गरीब बाई. कोर्टाचा खर्च झेपत नाही असं लिहून देऊन ती हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली, आणि 1932 साली तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल तिच्या बाजूनं लागला. लॉर्ड ॲटकिन यांनी त्यात शेजारधर्माचा आधार घेतला. आपल्या करण्याचा ज्यांना धक्का पोचेल हे आपल्याला आधी कळायला हवं, ते सगळे कायद्यानं आपले शेजारी; मग त्यांचं तोंड आपण पाहिलेलं असो वा नसो. आपल्याकडचे कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला घोकतात. गंमत अशी, की बाटलीत गोगलगाय खरोखर होती का, हे कधीच सिद्ध झालं नाही. मधेच स्टीव्हन्सन वारला आणि प्रकरण आपसांत मिटलं. जगभरच्या ग्राहकांना आधार देणारी ती गोगलगाय कदाचित कुणाचं जिरंही असेल.

शेजारधर्माचा विषय निघालाच आहे तर झुरळाला वगळून चालणार नाही. मोठं, लालसर, मोरीतून येणारं आणि प्रसंगी उडणारं झुरळ वेगळं. हॉटेलच्या भटारखान्यातलं खरं वतनदार झुरळ लहान असतं, दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा. फ्रिजच्या मोटरमागची ऊब, बिजागरीची फट, सुटलेल्या सनमायकाची कड, एवढं त्याला पुरतं. मादी तीस-चाळीस अंड्यांची पेटी पोटाशी वागवत हिंडते आणि पिल्लं बाहेर पडायची वेळ जवळ आली की मगच ती खाली ठेवते. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं 1767 मध्ये याचं शास्त्रीय नाव ठेवलं आणि त्यात जर्मनीला गोवलं. तेव्हापासून बिचारे जर्मन हे ओझं वाहताहेत. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं त्याची खरी पत्रिका मांडली. सुमारे 2,100 वर्षांपूर्वी, भारत किंवा म्यानमारच्या बाजूला, रानातल्या एका झुरळापासून ही जात फुटून माणसाच्या घरात शिरली. म्हणजे नाणेघाटातून व्यापाऱ्यांचे तांडे चढत-उतरत होते, त्याच्या आगेमागे. तिथून सुमारे 1,200 वर्षांपूर्वी ती मध्यपूर्वेत पोचली आणि युरोपात तर अगदी अलीकडे, गेल्या तीनेकशे वर्षांत. आज हे झुरळ रानावनात कुठेच सापडत नाही. माणसाची भिंत, माणसाची ऊब, माणसाचं उष्टं सोडून त्याला जगताच येत नाही. इतका निष्ठावंत शेजारी दुसरा कोण आहे?

जुन्या पंगतीत या शेजाऱ्यांची सोय होती. पानाभोवती पाणी फिरवायचं, उजव्या हाताला भाताच्या चित्राहुती मांडायच्या, मग पहिला घास. शास्त्र काही असो, आजी सरळ सांगायची की पाण्याची रेघ मुंग्यांना अडवते आणि त्यातूनही कुणी आलंच तर त्याचा वाटा बाहेर ठेवलेला असतो. सनमायकाच्या टेबलावर, स्टीलच्या थाळीभोवती पाणी फिरवलं तर वेटर फडकं घेऊन धावत येईल.

मात्र किड्यांची खरी पंगत पाहायची तर पहिल्या पावसाच्या रात्री, घाटाखालच्या ढाब्यावर. दिवसभराची उमस, संध्याकाळी सर येऊन गेलेली, मातीचा वास. आणि एकाएकी पंख फुटलेली वाळवी जमिनीतून उठते ती थेट ट्यूबलाइटकडे. पाच मिनिटांत दिव्याभोवती जिवंत भोवरा. पिठल्यात पंख, ठेच्यात पंख, ताकात तरंगणारे पंख, मानेवरून खाली सरकणारं काहीतरी ओलसर. भिंतीवरच्या पाली इतक्या जेवतात की शेवटी समोरून चालत जाणाऱ्या किड्याकडे बघतसुद्धा नाहीत. ढाब्याचा मालक ओरडतो, “दिवे घालवा रे!” सगळा ढाबा अंधारात जातो, लांब कोपऱ्यात एक बल्ब तेवढा ठेवतात आणि त्याखाली पाण्यानं भरलेलं घमेलं. वाळवी तिकडे लोटते, पाण्यात पडते. इकडे ट्रकवाले, सहलीला निघालेली कुटुंबं, पोलीस हवालदार, सगळे अंदाजानं भाकरी मोडत असतात. कुणी मॅनेजरला बोलावत नाही. कुणी बिल नाकारत नाही. एरवी एका माशीवरून ताट परत पाठवणारे गृहस्थ वाटीवर तळहात धरून रस्सा ओरपतात आणि मुलाला सांगतात, “बघू नकोस, खा.”

मला वाटतं, याचं कारण चुलीत आहे. ढाब्याची चूल समोर असते. भाकरी थापणारी बाई दिसते, तिच्याही केसांत चार पंख अडकलेले दिसतात आणि पदरानं ती परातीवर वारा घालत असते. किडे आभाळातून आलेत, तिच्यामागून नाही, हे सगळ्यांना दिसतं. घृणा किड्याची नसतेच फारशी. कुणीतरी आपल्यापासून काही लपवलं, याची असते.

नाहीतर मुंग्यांचं काय सांगाल? 2012 मध्ये कोपनहेगनच्या ‘नोमा’ या गाजलेल्या रेस्टॉरंटनं लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलात काही दिवस पाहुणचार मांडला होता. तिथे कोबीच्या पानावर जिवंत मुंग्या आल्या. श्रीमंत गिऱ्हाइकांनी त्या लिंबासारख्या आंबट लागतात म्हणून वाखाणल्या. बस्तरमध्ये आणि आपल्या गडचिरोलीत लाल मुंग्यांची चटणी कित्येक पिढ्या वाटली जाते; ओडिशातल्या सिमिलिपालच्या अशाच चटणीला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मुंगी तीच, आंबटपणाही तोच. आचाऱ्यानं मुद्दाम ठेवली तर कौतुक, आपल्या पायांनी चालत आली तर तक्रार. आणि शुचितेच्या बाबतीत फार ताठ राहायचं असेल त्यानं अमेरिकेच्या अन्न प्रशासनाची यादी वाचू नये. तिथे दालचिनीच्या पुडीत 50 ग्रॅममागे कीटकांचे 400 तुकडे भरेपर्यंत सरकार सहसा हात घालत नाही.

म्हणून सगळं पोटात घालायचं, असं मात्र मी म्हणणार नाही. इथे माझं आणि आत्याचं जमत नाही. आपल्याकडे 2006 चा अन्न सुरक्षा कायदा आहे. अन्नात बाहेरचं काही निघालं तर एक लाखापर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे आणि अस्वच्छ जागी अन्न तयार केल्याबद्दल तेवढीच वेगळी. हॉटेलच्या बिलावर चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. तो घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे रीतसर तक्रार करता येते. आपण करतो काय? सगळ्यांसमोर पोरगेल्या वेटरला झापतो, मॅनेजर येऊन ‘सर, बिल राहू द्या, वर आइस्क्रीम पाठवतो’ म्हणतो, आणि पिस्त्याचा शेवटचा चमचा चाटेपर्यंत आपली नागरिक म्हणून जबाबदारी वितळून जाते. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर दुसरा कुणीतरी जिरं उलटं करून बघत असतो.

रात्री शटर अर्ध्यावर आलं, की पाठीवर पंप घेतलेला किंवा हातात जेलची नळी घेतलेला माणूस येतो. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात तो येतो तेव्हा पोरं टेबलं जोडून अंथरुणं टाकायच्या बेतात असतात. नळीतून मुगाएवढे ठिपके बिजागऱ्यांमागे, फ्रिजच्या खाली, गणपतीच्या तसबिरीमागे. पूर्वी त्या आमिषात ग्लुकोज असे. मग काही झुरळं ते चाखेनाशी झाली. हे 1993 मध्ये नोंदलं गेलं आणि 2013 मध्ये त्याचं कारणही कळलं. या झुरळांच्या जिभेला, म्हणजे तोंडाजवळच्या रुचितंतूंना, ग्लुकोज चक्क कडू लागतं. गोडाला भुलणारी मेली, नाक मुरडणारी उरली, त्यांचीच वंशवेल वाढली. एकदा पार्सलसाठी थांबलो असताना मी हे नळीवाल्याला विचारलं. त्याला सालं माहीत नव्हती, बाकी सगळं माहीत होतं.

“साखर सोडली साहेब काहींनी,” ठिपका ठेवता ठेवता तो म्हणाला. “कंपनीला माल बदलावा लागतो.”

चादर झटकणारा पोरगा हसला. “मामा, आमच्या सकाळच्या सहा नंबरवाल्या काकांनी पण सोडलीय. पण बिनसाखरेच्या चहाबरोबर रोज शिरा मागवतात. यांना पण शिरा ठेवून बघा.”