नाममाहात्म्य

परवा आमच्या संगणकाच्या पडद्याने मान टाकली. बारा वर्षांच्या सेवेनंतर तो आधी पिवळसर झाला, मग कडेने काळवंडला. एका दिवंगत शिक्षिकेने उतरवून ठेवलेल्या वारली लग्नगीतांच्या वह्या सध्या आम्ही टंकित करीत आहोत. अंधूक पडद्यावर एके ठिकाणी 'चिंते'ची 'चिता' झाली आणि ती आमच्या ध्यानात आली तिसऱ्या वाचनात. तेव्हा नवा पडदा ही चैन नव्हती.

डहाणू रोड स्थानकाजवळच्या दुकानदाराने दोन पडदे शेजारी मांडले. एक २७ इंची, कधी न ऐकलेल्या नावाचा. दुसरा साडेएकवीस इंची, प्रसिद्ध नावाचा आणि तरीही महाग. "सर, नावावर जाऊ नका. आतलं पॅनेल सगळ्यांचं तिथूनच येतं," तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरेचसे खरे होते. बीओई, एयू ऑप्ट्रॉनिक्स, इनोलक्स अशा मोजक्याच कंपन्या पॅनेले घडवतात. पडद्यावर स्वतःचे नाव लावणाऱ्या कित्येक कंपन्या ती विकतच घेतात. मग नावाचे पैसे कशासाठी मोजायचे?

आम्हांला वारली भिंती आठवल्या. लग्नाचा चौक सवासिनी तांदळाच्या पिठाने लिहीत आणि त्याखाली कोणी सही करीत नसे. लिहिणारी अंगणापलीकडेच राहत असे. तिचे नाव कोणाला सांगायचे? गंजाडचे जिव्या सोमा मशे हे चित्र कागदावर घेऊन दूरदेशी पोहोचले, तेव्हा त्यासोबत नावही जावे लागले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण इथल्या बाजारात ते कोणी विचारत नाही. इथे फळ अंगठ्याने दाबून पाहतात. मानांकन लागते ते झाड न पाहिलेल्या दूरच्या गिऱ्हाइकाला. नावाची गरज अंतरातून निर्माण होते.

पडदा तर फारच दुरून आलेला. म्हणून आम्ही अंगठा आणि नाव दोन्ही वापरायचे ठरवले. सोबत नेलेले गीतांचे एक पान दोन्ही पडद्यांवर उघडले. दोहोंची बिंदुसंख्या एकच, १९२० × १०८०. पण लहान पडद्यावर इंचाला सुमारे १०२ बिंदू पडतात, मोठ्यावर ८२. मोठ्या पडद्यावर अक्षर मोठे दिसे, पण त्याच्या कडा खडबडीत. लहानावर अनुस्वार नेमका उमटला. मग हमीपत्रे वाचली. एकावर एक वर्षाची हमी आणि नुसता दूरध्वनी क्रमांक; दुसऱ्यावर तीन वर्षे आणि वसईतील सेवा केंद्राचा पत्ता. जुना पडदाही मोठ्या नावाचाच होता आणि त्याच्या दुरुस्तीसाठी आम्ही दोन खेपा घातल्या होत्या, हे आम्ही विसरलो नव्हतो. नाव म्हणजे गुणवत्ता नव्हे. जाब विचारायला एक दार, एवढेच. त्या दारासाठी आणि अनुस्वारासाठी आम्ही लहान पडदा घेतला.

आता वह्या पुन्हा उघडल्या आहेत. गीते स्वच्छ उतरत आहेत. गाणाऱ्या बायकांची नावे मात्र बाईंनी कुठेच लिहिलेली नाहीत. त्यांना ती लिहिण्याची गरज वाटली नसावी. त्या बायका तेव्हा अंगणापलीकडेच राहत होत्या.