एका अक्षराचे पैसे

१९८६ सालची गोष्ट. पुण्यात बुधवार पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात मी मुद्रितशोधक म्हणून नोकरीला लागले होते. बी.ए. होऊन वर्ष झालं होतं, ऱ्हस्वदीर्घ चोख होतं आणि इंग्रजीतही बरे गुण होते, त्यामुळे थोडी घमेंडही होती. मालकांना सगळे अण्णा म्हणत. जुळारी मामा माझ्या जन्माआधीपासून खिळे जुळवत होते.

त्या वर्षी गणपतीत एका मंडळाची रौप्यमहोत्सवी स्मरणिका आमच्याकडे आली. स्मरणिका म्हणजे अध्यक्षांचं मनोगत, जमाखर्च आणि बाकी सगळ्या जाहिराती. प्रत्येक जाहिरातीच्या डोक्यावर एकच इंग्रजी ओळ: ‘विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम’. मामांनी अशा आठ ओळी जुळवून ठेवल्या होत्या. एक फर्मा छापून झाला की त्याच उचलून पुढच्या पानांना लावायच्या. पहिल्या प्रुफावर मी त्यांच्यावरून नुसती नजर फिरवली आणि नंतरच्या प्रुफांवर तेवढीही नाही.

स्मरणिका वाटून झाल्यावर तिसऱ्या दिवशी मंडळाचे खजिनदार आले. कुणा निवृत्त इंग्रजी शिक्षकांनी पानोपानी लाल गोल काढले होते. ‘कॉम्प्लिमेंट्स’ या शब्दात ‘आय’च्या जागी ‘ई’ पडला होता. त्या एका अक्षरामुळे पोह्यांच्या गिरणीपासून लाकडाच्या वखारीपर्यंत बत्तीस जाहिरातदारांनी वाचकांना शुभेच्छांऐवजी ‘उत्तम पूरक’ देऊ केलं होतं.

“अण्णा, बिलाचं काय ते तुम्हीच समजून घ्या,” खजिनदार म्हणाले. अण्णांनी समजून घेतलं आणि बिल निम्मं केलं. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं.

त्या रविवारी मी ग्रंथालयात जाऊन वॉल्टर स्कीट यांचा इंग्रजी व्युत्पत्तिकोश काढला. हे दोन शब्द डोक्यात कायमचे वेगळे करून टाकायचे, एवढाच हेतू होता. पण कोशात ते एकाच घरचे निघाले. लॅटिनमध्ये ‘भरून काढणे, पुरे करणे’ अशा अर्थाचं एक क्रियापद आहे, दोघांचा जन्म त्यातून. ‘ई’वाला शब्द थेट लॅटिनचा अर्थ घेऊन आला: जे उणं आहे ते भरून काढतं ते पूरक. ‘आय’वाला मात्र स्पेन, इटली, फ्रान्स असा फिरत आला आणि वाटेत त्याचा अर्थ झाला शिष्टाचाराची देणी पुरी करणं. आपण लग्नात मानपान पुरा करतो, तसंच. मानपानातून गोड बोलणं आणि गोड बोलण्यातून स्तुती, शुभेच्छा.

मग नादच लागला. धातूला म्हणतात ते ‘मेटल’ आणि माणसाच्या अंगची धमक ते ‘मेटल’, उच्चार जवळपास एकच, स्पेलिंग वेगळं. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही अर्थांना दोन्ही स्पेलिंगं चालत. माणूस कोणत्या धातूचा बनलाय, या बोलण्यातूनच धमकेचा अर्थ निघाला आणि पुढे त्याला वेगळं स्पेलिंग मिळालं. पिठाचा ‘फ्लॉवर’ आणि झाडाचा ‘फ्लॉवर’ हेही मुळात एकच. दळलेल्या गव्हाचा कोंडा चाळून काढला की राहतो तो सर्वांत चांगला भाग, म्हणजे गव्हाचं जणू फूल. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये कोश काढला तेव्हाही या दोघांची वाटणी पुरती झालेली नव्हती. आपल्याकडे तर फ्लॉवर म्हणजे भाजी, त्यामुळे आपला घोळ आणखी निराळा.

दुपारच्या चहाला मी हे मामांना सांगत असे. एकदा त्यांनी विचारलं, “म्हणजे आपलं दिन आणि दीन, तसंच का गं?”

“नाही मामा. दिवस आणि गरीब यांचा मुळात संबंध नाही. ते शेजारी आहेत, भाऊ नाहीत.”

इंग्रजीतही असे शेजारी आहेतच. वाळवंट ते ‘डेझर्ट’ आणि जेवणानंतरचं गोड ते ‘डिझर्ट’. पहिल्याचं मूळ ‘सोडून जाणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात, कारण ती माणसांनी टाकलेली ओसाड जागा. दुसरा फ्रेंचमधला, मूळ अर्थ मेजावरची ताटं उचलणं. ताटं उचलल्यावर येतं ते गोड. एकाला एक ‘एस’ आणि दुसऱ्याला दोन, एवढीच जवळीक.

एके दिवशी छापखान्यात शिरताना मान वर केली आणि थबकले. दारावरच्या पाटीवर ‘प्रिंटिंग अँड स्टेशनरी’ होतं आणि शेवटून तिसरं अक्षर होतं ‘ए’.

“अण्णा, पाटी चुकलीय.”

“वीस वर्षं आहे ती. आत्ता चुकली?”

मग त्यांना सगळं सांगितलं. ‘ए’वाला शब्द म्हणजे जागचं न हलणारं. ‘ई’वाला म्हणजे स्टेशनरकडचा माल: कागद, शाई, लेखण्या. स्टेशनर म्हणजे मध्ययुगात पॅरिस, बोलोन्यासारख्या विद्यापीठांच्या आसऱ्याने बसलेला पुस्तकवाला. तो पुस्तकांचे सुटे भाग भाड्याने द्यायचा आणि विद्यार्थी ते उतरवून घ्यायचे. लंडनमध्ये या मंडळींचा संघ १४०३ मध्ये झाला आणि १५५७ मध्ये त्याला राजाज्ञेने सनद मिळाली. बाकीचे विक्रेते गावोगाव फिरत, हा एका जागी ठाण मांडून बसे, म्हणून त्याचं नाव स्टेशनर. ‘उभं राहणे’ अर्थाचं ते लॅटिन मूळ आणि आपलं संस्कृत ‘स्था’ सख्खेच. आपलं ठाणं, स्थानक, स्थिर त्याच घरातले. आप्पा बळवंत चौकातले पुस्तकवाले त्या लोकांचे थेट वारस म्हणायला हवेत.

अण्णा मोठ्याने हसले. “मग पाटी बरोबरच की! वीस वर्षं दुकान कुठे हललंय?”

“अर्थाने बरोबर, अण्णा. अक्षराने चूक.”

तेव्हापासून मी स्पेलिंग पाठ करायचं सोडलं. शब्दाचं घर एकदा कळलं की अक्षर आपोआप लक्षात राहतं: स्टेशनर या माणसाच्या नावात ‘ई’ आहे, म्हणून त्याच्या मालातही ‘ई’. पण घर माहीत असलं तरी प्रूफ प्रत्येक वेळी वाचावंच लागतं, ओळ तीच असली तरी.

दसऱ्याच्या आधी अण्णांनी पेंटरला बोलावलं. त्याने दोन अक्षरांचे पैसे घेतले: एक खोडायचं, एक लिहायचं.