हलका भात, जड भात

झाडीपट्टीत 'जेवलास का?' या प्रश्नाचा खरा अर्थ 'भात खाल्लास का?' असा आहे. पोळी, भाकर, पोहे, उसळ यांनी पोट भरते. जेवण होत नाही. आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी सोडून पश्चिमेला वरोरा-भद्रावतीच्या काळ्या मातीत शिरले की हा अर्थ बदलतो. तिथे कापूस आणि ज्वारी यांचे राज्य. (ज्वारीचे होते, असे म्हणावे, तिची बरीच जागा सोयाबीनने घेतली.) वैनगंगेच्या अंगाला मात्र तलाव, बांध्या आणि धान. एकाच जिल्ह्यात अशी दोन पोटे नांदतात आणि आम्ही धानाच्या पोटाचे.

त्यामुळे काही वर्षांपूर्वी नागपूरच्या एका डॉक्टरांनी बाबांच्या रक्तातली साखर पाहून 'भात बंद' असा दोन शब्दांचा निकाल दिला, तेव्हा घरात जे झाले त्याला पथ्य म्हणणे कठीण आहे. आईने एवढेच विचारले, "भात नाही त मंग जेवाचं का?" बाबांनी पोळ्या खाल्ल्या, पोट भरल्याचे कबूल केले आणि ताटावरून उठताना ते दरवेळी स्वयंपाकघराकडे बघत राहिले. हा हट्ट नव्हे. सत्तर वर्षे ज्या धान्याने दिवसाला आकार दिला ते धान्य ताटातून गेले की माणसाला आपली वेळ कळेनाशी होते, असे आम्हांस त्या दिवसांत वाटले.

डॉक्टरांच्या निकालात भात एकच होता. आमच्या घरात तो कधीच एक नव्हता. जाडा आणि बारीक, नवा आणि जुना, मोकळा आणि गिचका, सकाळचा आणि रात्रीचा उरलेला, असे त्याचे किती प्रकार! आणि या सगळ्यांवर शेवटी दोनच शिक्के बसत: हलका किंवा जड. नवा तांदूळ जड, म्हणून दिवाळीच्या आगेमागे घरात आलेले धान उन्हाळ्यापर्यंत तसेच ठेवायचे. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला जुन्या तांदळाची पेज, कारण ती हलकी. आयुर्वेदाचे जुने ग्रंथ हेच सांगतात: नवे धान्य पचायला जड, वर्षभर ठेवलेले हलके. सगळ्या साळींमध्ये त्यांनी श्रेष्ठ मानली ती तांबडी साळ, तिच्यामागे साठ दिवसांत येणारी साठी. आईने यांतला एकही ग्रंथ पाहिलेला नाही. पण जुन्या तांदळाला पाणी जास्त लागते, तो फुलतो आणि शिते सुटी राहतात, हे तिच्या हाताला ठाऊक आहे. साठवणीत दाण्यातल्या प्रथिनांचे आणि स्निग्धांशाचे रूप बदलते, दाणा उकळत्या पाण्यात फुटून चिकट होत नाही, असे आजचे विज्ञान त्याचे कारण देते.

आता हलका कोणाला आणि जड कोणाला, हा प्रश्न. आम्ही लहान असताना घरची चार-पाच एकर धानाची शेती होती आणि पावसाळ्यात रोवण्याला बाया येत. त्यांच्या दुपारच्या भातासाठी आजी जाडा तांदूळ वेगळा काढून ठेवी. हा दुजाभाव आहे असे आम्हांस तेव्हा वाटे. एकदा घरात जाडा संपला आणि आजीने बारीक तांदळाचा भात पाठवला. संध्याकाळी त्यांतली एक वयस्क बाई म्हणाली, "बाई, बारकाचा भात एक बांधी लावली का जिरते." कौतुक नव्हते ते; तक्रार होती. दिवसभर घोटाभर चिखलात वाकून पऱ्हे रोवणाऱ्या शरीराला लवकर जिरणारे अन्न म्हणजे अर्ध्या वाटेत सोडून जाणारा सोबती. त्याच भाताला कचेरीतून येणारे आमचे काका 'हलका' म्हणून वाखाणत. एकाच गुणाला एक पोट सद्गुण म्हणते, दुसरे दोष.

दाण्यातला पिष्टमय भाग दोन प्रकारच्या साखळ्यांचा असतो. सरळ साखळ्या म्हणजे अमायलोज, फांद्या फुटलेल्या म्हणजे अमायलोपेक्टिन. फांद्यांना टोके पुष्कळ, त्यामुळे पाचकरसांना एकाच वेळी अनेक ठिकाणांहून शिरता येते आणि साखर झपाट्याने रक्तात उतरते. अमायलोज जास्त असले की भात सुटा, कोरडा होतो, निवला की कडक बनतो आणि सावकाश पचतो. कमी असले की मऊ, चिकट. थायलंडच्या ईशान्य भागात लोक जो चिकट भात हाताने गोळे करून खातात त्यात अमायलोज जवळजवळ नसतेच. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली आय.आर.८ हे वाण दिले. त्याने आशियाची कोठारे भरली, पण त्याचा भात थंड झाला की कडक होई, म्हणून लोकांनी नाके मुरडली. १९८५ सालच्या आय.आर.६४ मध्ये अमायलोज मध्यम ठेवले गेले आणि मऊ भात मिळाला. याच संस्थेने ऑस्ट्रेलियाच्या सी.एस.आय.आर.ओ.बरोबर २३५ वाणांचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे साखर वाढवण्याचा वेग, पाहिला. २०१२ साली जाहीर झालेला निष्कर्ष असा की तो ४८ पासून ९२ पर्यंत पसरलेला आहे. कमी निर्देशांकाच्या गटात आंध्रातून आलेले, पूर्व भारतात सर्रास पिकणारे 'स्वर्णा' होते. ४८ आणि ९२! एवढे अंतर असताना 'भात बंद' हे दोन शब्द अपुरेच म्हणायचे.

इथे एक गैरसमज मात्र दूर करायला हवा, आणि तो आमच्या झाडीचाच आहे. बारीक दाणा लवकर पचतो आणि जाडा सावकाश, हे समीकरण खरे नाही. बासमती बारीक असतो, लांब असतो आणि कित्येक जाड्या तांदळांपेक्षा सावकाश पचतो. मग रोवणाऱ्या बाईचे म्हणणे खोटे होते काय? नव्हते. तिच्या अनुभवातला जाडा तांदूळ नुसता जाडा नव्हता. लुचईसारखे धान, घरी उखळात कांडलेले, अंगावर कोंड्याचा तांबूस पदर शिल्लक राहिलेले. त्याचा रात्री उरलेला भात पाण्यात भिजवून सकाळी खाल्लेला. बारीक तांदूळ तिला भेटला तो मिलमधून पांढराशुभ्र होऊन आणि चुलीवरून गरम गरम. टिकाऊपणा दाण्याच्या घेरात नव्हता. कोंड्यात आणि शिळेपणात होता. शिजलेला भात निवला की सुटलेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि त्यांतल्या काही पाचकरसांना दाद देत नाहीत. हा न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू त्यावर जगतात आणि वायू करतात. आपण ज्याला 'जड' म्हणतो, त्यातले निदान थोडे तरी हेच असावे.

आलूचा न्यायही याच जातीचा आहे. (पुण्याकडे त्याला बटाटा म्हणतात. शब्द पोर्तुगीजांचा. आमच्याकडे आलूबोंडाच मिळतो, बटाटेवडा मागितला तर दुकानदार पाहुणा ओळखतो.) हिवाळ्यातला कोवळ्या सालीचा नवा आलू शिजून अंगाने घट्ट राहतो, रश्श्यात फुटत नाही आणि तुलनेने सावकाश पचतो. जून, पिठाळ आलू उकडताच विरघळतो, बोंड्याच्या सारणाला उत्तम, आणि साखर भराभर चढवतो. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली 'कुफ्री चिप्सोना' काढला तो तळण्यासाठी. त्यात पाणी कमी, घनांश जास्त. साधा आलू शीतगृहातल्या दोन-चार अंशांवर राहिला की त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. म्हणूनच एखाद्या वेळी भाजी गोडसर लागते आणि काप तळताना काळपट पडतात. गंमत अशी की तांदूळ जुना झाला की आमच्या लेखी हलका होतो आणि आलू मात्र नवा असो की जुना, 'वातूळ' हा त्याच्यावरचा शिक्का पुसला जात नाही.

बारीक तांदळाची गोष्ट सांगताना दादाजी खोब्रागडे यांना टाळता येत नाही. आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातले नांदेड हे त्यांचे गाव (मराठवाड्यातले नव्हे). शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' या वाणाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडत नेल्या. दाणा अधिक बारीक, भात अधिक चवदार. १९९०च्या सुमारास ते धान तळोधीच्या बाजारात पोचले आणि त्या काळी लोकांच्या मनगटावर असणाऱ्या घड्याळावरून त्याचे नाव पडले 'एच.एम.टी.'. पोटात किती वेळ थांबतो यावरून ज्याची पारख व्हायची, त्या तांदळाला घड्याळाचे नाव मिळावे हा योग चमत्कारिक आहे. १९९४ साली सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पी.के.व्ही. एच.एम.टी.' प्रसृत केले. श्रेयाचा वाद झाला. पुढे राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते सन्मान, २०१० साली फोर्ब्सच्या यादीत नाव आणि हे सगळे होत असताना आयुष्यभर हातातोंडाची गाठ. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीच्या शोधग्रामातल्या 'सर्च'च्या रुग्णालयात ते गेले.

दादाजींविषयी लिहिताना बहुतेक लेखक त्यांच्या दारिद्र्यापाशी थांबतात. ते योग्यच आहे. आम्हांस त्यांच्या नजरेविषयी अधिक बोलावेसे वाटते. अमायलोजचे टक्के मोजण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. लोंबीचा रंग, दाण्याची बारीकी, शिजल्यावरचा मऊपणा, एवढ्यावर त्यांनी निवड केली आणि लक्षावधी ताटांची रुची बदलली. मात्र त्या रुचीचे पुढे मिलवाल्यांनी आणि शहराने जे केले, त्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येणार नाही. बारीक असणे हा धानाचा गुण. पांढराशुभ्र असणे हा यंत्राचा. जावा बेटावर आइकमन यांनी १८९०च्या दशकात पाहिले की कोंडा काढलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या सावरतात. त्या कामाला १९२९ साली नोबेल मिळाले. कोंड्यात काय असते हे जगाला कळून शतक लोटले, तरी आमच्या मूल-सिंदेवाहीपासून देसाईगंजपर्यंतच्या मिलांमध्ये तो गुरांकडे आणि तेलाच्या कारखान्याकडे जातो. आणि इकडे ज्या घरात बारीक धान पिकते, ते घर पुष्कळदा ते विकते आणि रेशनचा तांदूळ शिजवते. तोही पॉलिशचाच. रोवणाऱ्या बायांच्या नशिबी आता ना कोंड्याचा जाडा राहिला, ना आपल्या बांधीतला बारीक.

बाबांच्या ताटाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि भात बंद न करता मोजायला सांगितला: एक वाटी, आधी वरण-भाजी, मग भात. आईने त्यात आपले शास्त्र घातले. रात्री शिजवायचा, निवला की लगेच फ्रिजमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी जिरे-लसणाची फोडणी देऊन चांगला गरम करायचा. फ्रिजचा आग्रह आमचा. ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४६च्या पुढे जातो. अशा हवेत उघड्यावर राहिलेल्या भातात जे जिवाणू वाढतात त्यांचे विष पुन्हा तापवल्यानेही जात नाही, हे तिला पटवायला आठ दिवस लागले. आजीच्या काळी भात पाण्यात बुडवून ठेवत आणि तो आंबट होई. त्या आंबटपणाने त्याला बरेच सांभाळले असणार.

तांदूळ मात्र अजून पुरता जमलेला नाही. कमी पॉलिशचा हवा म्हणून आम्ही आमचेच धान घेऊन मिलवर गेलो. एका पोत्यासाठी यंत्र बदलायला मालक नाखूश होता. शेवटी तो तयार झाला, पण बजावून म्हणाला, "लवकर किडा पकडते, मंग मले सांगू नका." त्याचे खरेच होते. कोंड्यातल्या तेलाला वास येतो, किडेही त्यालाच आधी शोधतात. म्हणून आता आई महिन्यापुरतेच धान भरडून आणते, बाकीचे धानाच्याच रूपात ठेवते आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाबा सायकलच्या मागे अर्धे पोते बांधून मिलच्या रांगेत उभे राहतात.