झोप्याचे माप

बर्नार्दो बेलोत्तोने 1770 मध्ये रंगवलेल्या तैलचित्रात वॉर्सा शहर विस्तुला नदीच्या पैलतीरावरून, प्रागा या उपनगरातून दिसते. उंचावर राजवाडा, मनोरे, सरदारांचे वाडे. खाली संथ पाणी. एका कोपऱ्यात ईझलपुढे बसलेला खुद्द चित्रकार. बेलोत्तो हा व्हेनिसच्या कानालेत्तोचा भाचा. पोलंडच्या राजाच्या, स्तानिस्वाव ऑगस्टच्या, पदरी राहून त्याने या शहराची अनेक दृश्ये रंगवली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी वॉर्सा पद्धतशीर पाडले. 1944 मध्ये राजवाडा सुरुंग लावून उडवला. जुने शहर पुन्हा उभारताना जुन्या मोजमापांबरोबर ही चित्रेही समोर ठेवली गेली.

अशा उद्योगाला मराठीत म्हण आहे: बैल गेला आणि झोपा केला. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाला लावायचे कामट्यांचे दार. म्हण हसते ती उशिराला. पण झोपा करणारा माप कशाचे घेतो, हे ती सांगत नाही. गोठ्याच्या तोंडाचे, की गेलेल्या बैलाचे? पहिले माप जागेवर मिळते. दुसरे आठवणीतून काढावे लागते, आणि आठवणीतला बैल जरा थोराडच असतो.

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत या थोराडपणाचा हिशेब ठरलेला आहे. ओतलेले बीड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर मोठा करतात. ड्रॉइंग हरवलेला जुना भाग आला आणि त्यालाच पॅटर्न समजून वाळूत दाबले, तर नवे कास्टिंग बारीक निघते. बेलोत्तोनेही काही इमारती होत्या त्याहून देखण्या रंगवल्या होत्या. ही आकसण्यासाठी सोडलेली सूट म्हणावी, तर पुढे काय ओतले जाणार हे त्याला ठाऊक नव्हते. नवे शहर त्यातल्या काही देखणेपणासह उभे राहिले. त्यात काय आकसले, हे ताडून पाहायला मूळ नग शिल्लक नाही.

शिरोलीहून पंचगंगा ओलांडली की काही किलोमीटरवर वळिवडे. 1943 ते 1948 या काळात तेथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यात बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत संघात हद्दपार झालेली, इराणमार्गे आलेली. त्यांतील बहुतेकांची गावे पूर्व पोलंडातली. युद्धानंतर तो मुलूखच सोव्हिएत संघात गेला. तेथे बैल नव्हे, गोठ्याची जागाच गेली होती. बेलोत्तोच्या चित्रांवरून उभे राहणारे वॉर्सा त्यांच्या देशाची राजधानी होते, त्यांचे गाव नव्हते. छावणी रिकामी झाल्यावर त्याच वस्तीत फाळणीने उखडलेले सिंधी आले आणि तिचे गांधीनगर झाले.

म्हणीत बैल, गोठा आणि झोपा एकाच धन्याचे असतात. वॉर्सात ते तसे धरता येते. वळिवड्यात एकाच्या दारातून दुसरा आत आला. तेथे उशीर झाला असे म्हणायचे, तर तो नेमका कोणाला, हे म्हणीवरून ठरत नाही.