मालकाच्या रकान्यात

बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या कितीतरी मराठी घरांचं कुलदैवत गोव्यात आहे. आमचंही आहे, म्हार्दोळची म्हाळसा. वर्षातून एकदा चोर्ला घाट उतरायचा, ओटी भरायची आणि परत यायचं. या कुलदैवतामागची हकिगत आमच्या घरात तीन वाक्यांत सांगतात: आपण मूळ साष्टीतल्या वेर्ण्याचे. पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं. जमीन चर्चने घेतली. चौथं वाक्य कधी कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

ते विचारायची वेळ एका मित्रामुळे आली. बंगळुरूच्या ऑफिसात सहा वर्षं आम्ही शेजारी बसतो. तो वेर्ण्याचा, कॅथलिक. दोन वर्षांपूर्वी गणपतीला तो आमच्या गावी आला होता. जेवणं झाल्यावर काकांनी हसत हसत त्याला विचारलं, "मग काय, आमची जमीन कधी परत देताय?" सगळे हसले, तोही हसला. पण परतीच्या प्रवासात धारवाड येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. त्याच महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'चर्चने हडपलेल्या जमिनी' असा एक लांबलचक मजकूर फिरत आला. खाली तारीख नाही, गाव नाही, कागदाचा पत्ता नाही. मला वाटलं, जमिनीची गोष्ट आहे तर तिचा कागद असणारच. तो बघावा.

कागद आहे, आणि भरपूर आहे. गोव्याचं दफ्तर १५९५ मध्ये सुरू झालं. दियोगु दो कौतु हा इतिहासकार त्याचा पहिला दफ्तरदार. पुढे विसाव्या शतकात आपले पांडुरंग पिसुर्लेकर यांनी तीन दशकं हेच दफ्तर सांभाळलं आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास त्यातूनच उभा केला. जमिनीच्या बाबतीत तीन जुने टप्पे महत्त्वाचे. १५२६ मध्ये अफोंसु मेशिया या अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावकरीचे रीतिरिवाज लिहून काढले. १५६७ च्या फोरालमध्ये साष्टीतल्या गावोगावच्या देवळांच्या जमिनींची यादी झाली. १५९५ मध्ये फ्रांसिश्कु पाइश या हिशेबनिसाने तिसवाडी, साष्टी आणि बारदेश यांचं जमीनबूक तयार केलं.

यातला 'गावकरी' हा शब्द आधी समजून घ्यायला हवा. जुन्या गोव्यात गावाची बहुतेक जमीन एकेका माणसाची नव्हती, ती गावकरांच्या संस्थेची होती. शेतं लिलावाने कसायला द्यायची. आलेल्या उत्पन्नातून बांध, मानस, देऊळ, सुतार, लोहार यांचा खर्च भागवायचा, सरकारचा भरणा करायचा आणि उरलेलं गावकरांत वाटायचं. पोर्तुगिजांनी ही संस्था मोडली नाही. तिला 'कोमुनिदाद' म्हटलं आणि तिच्याकडूनच वसुली चालू ठेवली. ती आजही आहे, आणि तिच्यासाठी १९६१ सालची संहिता आहे.

आता १५६७ ची यादी. मी ती मुख्यतः रुई गोमिश परेरा यांच्या पुस्तकातून वाचली. हे गोव्यातले कॅथलिक अभ्यासक. जुन्या फोरालांतून त्यांनी गावागणिक देवळांची नावं आणि त्यांच्या जमिनी वेचून काढल्या. यादी वसुलीसाठी केलेली, त्यामुळे तिच्यात हळहळ नाही आणि द्वेषही नाही. पण तिच्यात काय नाही ते विचारा! दिव्याच्या तेलासाठी राखलेलं शेत, फुलांसाठीचं, गुरवाचं, वाजंत्र्यांचं, कलावंतिणीचं, कुंभाराचं, परटाचं. एका गावात एकच देऊळ नव्हतं. सांतेरी, रवळनाथ, भगवती, ग्रामपुरुष, प्रत्येकाचा स्वतंत्र जमीनजुमला होता. आज त्यातल्या कितीतरी देवळांचा दगडसुद्धा जागेवर नाही. ती होती, हे आपल्याला कळतं ते त्या जमिनी घेणाऱ्यांनी लिहून ठेवलं म्हणून.

माझं रोजचं काम डेटाबेसचं आहे. त्यामुळे मला ते असं दिसलं: पोर्तुगिजांनी ओळ पुसली नाही, फक्त मालकाचा रकाना बदलला. आधी देव होता, तिथे चर्च आलं, कॉलेज आलं, कोणी सरदार आला. ओळ मात्र तशीच राहिली, शेताच्या नावासकट.

आणि हा रकाना एकदाच बदलला नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली. १५४१ मध्ये त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न नव्या चर्चच्या कामांकडे आणि स्थानिक मुलांना शिकवण्यासाठी त्याच वर्षी निघालेल्या सांता फे या संस्थेकडे वळवण्यात आलं. त्यातूनच जुन्या गोव्याचं सेंट पॉल कॉलेज उभं राहिलं आणि ते जेझुइटांच्या हाती गेलं. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना इथेच बसला. कुंकळ्ळीच्या गावकरांनी १५८३ मध्ये उठाव केला तेव्हा त्यांच्या म्होरक्यांना ठार मारण्यात आलं आणि गावांच्या जमिनी जप्त झाल्या. त्यातली असोळणे परिसरातली गावं पुढे जेझुइटांकडे आली. मग १७५९ मध्ये खुद्द जेझुइटांनाच पोर्तुगीज सरकारने हाकललं आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. १८३४ मध्ये पोर्तुगालने उरलेले धार्मिक संघही बंद केले आणि गोव्यातल्या त्यांच्या मठांचं, जमिनींचं तेच झालं. म्हणजे ज्या सरकारी हुकमाने जमीन देवळाकडून गेली, तशाच हुकमाने ती मठांकडूनही गेली.

म्हणून 'चर्चची जमीन' या दोन शब्दांत कागदावर निदान चार वेगळे मालक सापडतात. जेझुइट, फ्रान्सिस्कन असे संघ. गावच्या चर्चचा स्वतःचा फंड. गावातल्या भाविकांच्या मंडळ्या, म्हणजे कोंफ्रारिया. आणि कोमुनिदाद, जी चर्चची नव्हेच, पण चर्चचा खर्च वर्षानुवर्षं जिच्या उत्पन्नातून भागला. कोमुनिदादमध्ये कोण होतं? तेच गावकर, बाटलेले. नाव बदललं, पण वांगड, म्हणजे गावकरांचं मूळ कुळ, तेच राहिलं. कुंकळ्ळीत हे आजही दिसतं. फातर्प्याच्या शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीच्या छत्र्यांच्या उत्सवात बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात, आणि त्या वांगडांत हिंदू आहेत तसे कॅथलिकही आहेत.

शाळांचं सांगायचं तर चर्चच्या आवारातल्या शाळांत लिहिणं-वाचणं आणि धर्मशिक्षण यांच्या जोडीला सुरांची लिपी आणि व्हायोलिन शिकवत. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले गोव्याचे वादक याच परंपरेतले. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस वेर्ण्याजवळच्याच माजोर्ड्याचे. मात्र देऊळ पाडून शाळा काढली म्हणजे हिशेब जुळला, असं मला म्हणायचं नाही. गाव सोडून गेलेले परत आले नाहीत तर त्यांची मालमत्ता जप्त करा, असे हुकूम निघालेले आहेत. जबरदस्ती ती जबरदस्तीच. मला एवढंच दिसलं की तिचा हिशेब 'त्यांचं' आणि 'आपलं' अशा दोनच खात्यांत बसत नाही.

नदीपलीकडे तर चित्र उलटंच आहे. झुआरी ओलांडून आलेल्या देवांना अंत्रुज महालात जागा मिळाली. वेर्ण्याचं म्हार्दोळ हे नावसुद्धा देवीबरोबर प्रियोळात आलं. कुठ्ठाळीहून आलेल्या मंगेशाला १७३९ मध्ये पेशव्यांचे सरदार रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या खटपटीने मंगेशी गाव इनाम मिळालं. कवळ्याच्या शांतादुर्गेलाही शाहू छत्रपतींकडून इनाम मिळालं. ही नोंद आपण अभिमानाने सांगतो, पण त्या गावच्या मालकाच्या रकान्यात आधी काय होतं, हे विचारत नाही. पुढे हा भागही पोर्तुगिजांकडे गेला, पण तोवर देवळं पाडायचे दिवस सरले होते. १८८६ मध्ये त्यांनी देवस्थानांसाठी महाजनांचा कायदा केला आणि प्रत्येक देवळाला आपली नियमावली, हिशेब आणि मालमत्ता कागदावर आणायला लावली. मंगेशीचे किंवा म्हार्दोळचे महाजन कोण, याची आजची उत्तरं त्याच कागदांत आहेत.

हे सगळं समजल्यावर मी वेर्ण्याला मित्राच्या घरी गेलो. त्याचे वडील कोमुनिदादचे गावकर. त्यांनी झोणाच्या, म्हणजे गावकराला दरवर्षी मिळणाऱ्या वाट्याच्या, जुन्या पावत्या काढल्या. रक्कम हसण्यासारखी होती. "पैशांसाठी नाही हो जात. नाव पुकारतात ना, ते ऐकायला जातो," ते म्हणाले. १९७६ च्या कूळकायद्याच्या दुरुस्तीने कसणारे कूळ मालक झाले तेव्हा कोमुनिदादची बरीच शेतं गेली, पुढे पठारावर औद्योगिक वसाहत आली. ज्या जमिनीवरून आमच्या मांडवात थट्टा झाली, तिच्यापैकी त्यांच्याकडे घर आणि दोन माड आहेत. मग त्यांनीच मला जुन्या म्हार्दोळला नेलं, म्हाळसेचं देऊळ आता पुन्हा उभं राहिलंय तिथे. तिथले जुने चार शेतांचे बांध त्यांनी नावांनिशी दाखवले. मला ती नावं ठाऊक नव्हती. त्यांना होती.

गावी आल्यावर मी काकांना सगळं सांगितलं. काका तलाठी म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर उतारे लिहिलेला माणूस, त्यामुळे देवाधर्माचं त्यांनी काही विचारलंच नाही. त्यांचा प्रश्न निराळा होता. "फेरफार कसा झाला? कुणाच्या सहीनं?"

मी म्हटलं, तिसवाडीत तर गावकरांनी स्वतः संमती दिली असं १५४१ च्या कागदात आहे.

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सही झाली म्हणजे मर्जी होती, असं नसतंय रे. मी किती सह्या बघितल्यात. साहेब समोर बसलाय, देऊळ पाडून झालंय, मग माणूस काय नाही म्हणतो होय?"

हे सगळं मी इथे लिहितोय ते त्यानंतर घडलेल्या गोष्टीसाठी. आमची खानापूर तालुक्यात चार एकर जमीन आहे. आजोबा गेल्यापासून वारसा नोंद राहिली होती. बाबा आणि काका यांची नावं लावायची आणि दोन्ही आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या, असं ठरल्यासारखंच होतं. मसुदा तयार होता, तोही कन्नडमध्ये. आमच्या आत्या मराठी शाळेत शिकल्या, त्यांना कन्नड वाचता येत नाही. "भाऊ म्हणतील तिथं सही करतो" हे त्यांचं वाक्य सगळ्यांनी संमती म्हणून धरलं होतं. घरात मुलींच्या वाट्याचा विषय कधी निघाला नव्हता. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच हक्क दिला, हे काकांना सांगावं लागलं नाही. ते त्यांना पाठच होतं.

काकांनी सह्यांची तारीख पुढे ढकलली. दिवाळीला दोन्ही आत्यांना बोलावलं, माझ्या चुलतबहिणीला मसुदा वाचायला बसवलं, आणि तिने ओळीओळीचा मराठीत अर्थ सांगितला. जमीन किती, भाव काय, सही केली तर काय जाणार आणि नाही केली तर काय राहणार. काका मध्ये काही बोलले नाहीत. मोठ्या आत्याने सही केली. म्हणाली, मला नको, पण वाचून दाखवलंत ते बरं वाटलं. धाकट्या आत्याने केली नाही. तिचं नाव आता उताऱ्यावर आहे. त्यावरून घरात थोडी धुसफूस झाली, अजूनही आहे. पण कुणी कुणाचं काही घेतलं, असं या चार एकरांबद्दल पुढे कुणाला म्हणता येणार नाही.

तुमच्याही घरी एक गाठोडं असेल. आमच्यात पणजोबांचं खरेदीखत मोडीत आहे, आजोबांचे उतारे मराठीत आहेत आणि आताचे कन्नडमध्ये. तीन पिढ्या, तीन लिप्या, शेत एकच. मोडी वाचणारे अजून भेटतात, कन्नड आपल्यापैकी बरेचजण शाळेत शिकलेत. आणि आठवणीतून सांगणारी माणसं अजून घरात आहेत. त्यांना घेऊन बसा. शेतांची नावं विचारा, ती उताऱ्यावर असतीलच असं नाही. आणि मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघताना कुणाचं नाही तेही बघा.