ओसाड गांवाची पुण्याई

अमेरिकेच्या इलिनॉय संस्थानांत मेनार्ड नांवाची एक कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा मुलूख. २०२० च्या खानेसुमारींत हिची वस्ती १२,००० च्या आसपास भरली. मका आणि सोयाबीन यांचीं दूरवर पसरलेलीं शेतें, सँगमन नदी आणि पीटर्सबर्ग हें मुख्य गांव. एवढ्यासाठीं कोणी वाट वांकडी करील असें नाहीं. तरीहि प्रवासी येतात, आणि बहुतेक येतात ते एका मेलेल्या गांवासाठीं. आम्हीहि त्याचसाठीं गेलों.

त्या गांवाचें नांव न्यू सेलम. १८२९ च्या सुमारास रटलेज आणि कॅमरन या दोघां गृहस्थांनीं नदीवर बंधारा घालून गिरणी उभारली व वरच्या टेकडीवर वस्ती झाली. १८३१ च्या एप्रिलांत एक सपाट तळाची नाव त्या बंधाऱ्यावर अडकून बसली. तिच्यावर अब्राहाम लिंकन नांवाचा बावीस वर्षांचा तरुण होता. नाव सुटली, पण तो त्याच उन्हाळ्यांत परत आला आणि १८३७ पर्यंत तेथेंच राहिला.

वर्गांत आम्हीं लिंकन पुष्कळ वर्षें शिकविला. चुलीच्या उजेडांत वाचणारा गरीब मुलगा आणि पुढें राष्ट्राध्यक्ष, हीं दोन टोकें हातीं धरून आम्ही उपदेश करीत असूं. दुसऱ्यांदा नापास झालेला एक विद्यार्थी एकदां आमच्या खोलींत येऊन मान खालीं घालून उभा राहिला, तेव्हां आम्हीं त्यालाहि हीच गोष्ट ऐकविली. "लिंकनला कोणती शिकवणी होती?" असें कांहींशा करड्या स्वरांत विचारलें. तो बोलला नाहीं. पुढें कॉलेजांतहि दिसला नाहीं.

त्या दोन टोकांमधला भाग आम्हांस न्यू सेलमला भेटला. येथें लिंकन १८३२ सालीं कायदेमंडळाची निवडणूक हरला. परंतु गांवच्या केंद्रावरील ३०० मतांपैकीं २७७ त्याला पडलीं होतीं. पुढें भागीदारींतलें दुकान बुडालें, भागीदार वारला, आणि कर्ज याच्या एकट्याच्या डोक्यावर आलें. गांवच्या टपालाचें काम त्याला मिळालें. जमिनीची मोजणीहि तो शिकला. धनकोनें फिर्याद करून त्याचा घोडा, खोगीर व मोजणीचीं हत्यारें लिलावास काढलीं, तेव्हां जेम्स शॉर्ट नांवाच्या जवळच्या शेतकऱ्यानें तीं विकत घेतलीं आणि ज्याचीं त्याला परत दिलीं.

गांवाला मात्र असा कोणी भेटला नाहीं. १८३२ सालीं टॅलिस्मन नांवाची आगबोट नदींतून वर आली, तेव्हां न्यू सेलम मोठें बंदर होईल अशी आशा लोकांस वाटली. ती पाण्याबरोबर ओसरली. १८३६ सालीं पीटर्सबर्गची आंखणी झाली. ती करणारा मोजणीदार लिंकनच! टपाल तिकडे गेलें. १८३९ सालीं मेनार्ड निराळी कौंटी झाली, तिचें ठाणेंहि तेथेंच बसलें, आणि १८४० च्या सुमारास टेकडी ओसाड पडली.

आज तेथें दिसतात तीं ओंडक्यांचीं घरें बहुतेक १९३० नंतर पुन्हां बांधलेलीं आहेत, हें कळतांच आमचें मन थोडें खट्टू झालें. खरी जुनी वास्तु एकच: ऑन्स्टट या पिंपें करणाऱ्या कारागिराचा कारखाना. गांव मोडतांना लोकांनीं तो उचलून पीटर्सबर्गला नेला होता. १९२२ सालीं तो परत जुन्या जागीं आणून ठेवला. तेथल्या लांकडाच्या ढलप्या जाळून त्यांच्या उजेडांत लिंकन रात्रीं वाचीत बसे, असें सांगतात.

त्या काळोख्या खोलींत उभे असतां आम्हांस आमचा तो विद्यार्थी आठवला. चुलीपुढें वाचणाऱ्या मुलाचें कौतुक आम्हीं जन्मभर केलें. ढलप्या कोणाच्या होत्या हें कधीं विचारलें नाहीं. त्या दिवशीं त्या मुलाला एखादा जेम्स शॉर्ट हवा होता, आणि आम्हीं त्याला व्याख्यान दिलें.

आतां लिंकनचा धडा आला म्हणजे आम्ही आधीं त्या लिलावाची हकीकत सांगतों.